साखरेऐवजी गोड गोळी आणि जनावरांचे यकृत

आपल्या बडोदे शहरात आणि पादरा, डभोई, करजण, वाघोडिया या बाजूच्या गावांत मधुमेहाची माणसे आता पुष्कळ घरांत आहेत. चहाच्या ट्रेमध्ये साखरेच्या डब्याशेजारी गोड गोळ्यांची छोटी डबी ठेवलेली असते. घरातले म्हातारे माणूस अंगठ्याने टिचकी मारून त्यातून एक गोळी कपात पाडते. एवढ्याशा गोळीने कपभर चहा गोड होतो, तेव्हा साहजिकच मनात शंका येते. ही गोडी येते कुठून आणि पोटात गेल्यावर तिचे होते तरी काय?

या शंकेची तीन रूपे आम्ही वारंवार ऐकतो. पहिली: उंदरांना गोड गोळ्या घातल्या तेव्हा त्यांचे यकृत बिघडले म्हणतात, ते खरे काय? दुसरी: राखणीच्या कुत्र्याला बिनसाखरेचे बिस्किट किंवा केक दिला तर चालेल काय? तिसरी: म्हशीच्या खाणात सॅकरीन मिसळले तर ती जास्त खाईल काय? तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच अवयवाशी येऊन थांबते. तो अवयव म्हणजे यकृत, ज्याला आपण मटणाच्या दुकानात कलेजी म्हणतो.

उत्तर थोडक्यात असे आहे. काही गोड पदार्थांनी उंदरांच्या शरीरातील विष निवारणाच्या यंत्रणेत फरक पडल्याचे प्रयोगांत दिसले आहे. पण त्यावरून माणसाला तसेच होते असे म्हणता येत नाही. उलट, माणसाला निर्धोक असलेला एक गोड पदार्थ कुत्र्याचे यकृत दोन-तीन दिवसांत निकामी करू शकतो. हे असे उलटसुलट का होते, ते नीट समजून घेतले म्हणजे घरात काय करावे हेही आपोआप कळेल.

यकृतातील कामाच्या तीन पायऱ्या

आपण खातो, पितो, हुंगतो त्यात शरीराला नको असलेले पुष्कळ काही असते. औषधे, फवारणीचा अंश, बुरशीचे विष, दारू, रंग, वास. यातले जे पाण्यात सहज विरघळते ते लघवीवाटे निघून जाते. जे तेलकट असते ते मात्र शरीरात मुरून बसते. त्याला पाण्यात विरघळणारे करणे हे यकृताचे मोठे काम.

हे काम विकरे करतात. विकर म्हणजे ज्याला डॉक्टर एन्झाइम म्हणतात ते. दुधात विरजण घातले की दही लागते, त्या विरजणातील जिवाणूंच्या पोटात काम करणारी असतात तीही विकरेच.

पहिल्या पायरीवर नको असलेल्या पदार्थाचा एखादा कोपरा तोडला जातो किंवा त्याला प्राणवायूचा कण जोडला जातो. हे काम मुख्यतः सायटोक्रोम पी-450 या नावाच्या विकरांचे घराणे करते. दुसऱ्या पायरीवर त्या कोपऱ्याला एक जोड लावली जाते, म्हणजे पोत्याला चिठ्ठी बांधावी तशी. ग्लुकुरॉनिक आम्ल, गंधकाचे संयुग किंवा ग्लुटाथायोन अशा त्या जोडी. जोड लागली की पदार्थ पाण्यात विरघळतो. तिसऱ्या पायरीवर पेशींच्या भिंतींतील पंप तो माल बाहेर ढकलतात आणि तो पित्तातून किंवा लघवीतून निघून जातो. अशा एका पंपाचे नाव पी-ग्लायकोप्रोटीन. हीच विकरे आणि हेच पंप थोड्या प्रमाणात आतड्याच्या भिंतीतही असतात, म्हणजे यकृताच्या आधी नाक्यावर एक चौकी बसवलेली असते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पहिली पायरी नेहमी विष कमीच करते असे नाही. कधी कधी तीच विष तीव्र करते. पॅराथिऑनसारखे कीटकनाशक यकृतातील पहिल्या पायरीवर पॅराऑक्सॉन होते आणि ते मूळ औषधापेक्षा कितीतरी घातक असते. दुसरी पायरी चपळ असेल तर नुकसान टळते, नसेल तर होते.

याचे सर्वांत दुःखद उदाहरण आपल्या शेजारीच घडले. 1974 साली त्या वेळच्या पंचमहाल जिल्ह्यात आणि त्याला लागून असलेल्या राजस्थानच्या बांसवाडा जिल्ह्यात दोनशेहून अधिक गावांत काविळीची साथ आली. पोटात पाणी होऊन माणसे दगावू लागली. 397 जण आजारी पडले आणि त्यांतले 106 मरण पावले. आजारी पडले ते आदिवासी शेतकरी कुटुंबांतले. घरची कुत्रीही त्याच रोगाने मेली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तज्ज्ञांनी तपास केला तेव्हा कारण सापडले ते मक्यात. काढणीच्या सुमारास अवेळी पाऊस झाला, मका ओला राहिला, त्यावर बुरशी आली, आणि दुसरे धान्य नसल्याने लोकांनी तोच मका खाल्ला. बुरशीचे ते विष म्हणजे अफलाटॉक्सिन. ते यकृताच्या पहिल्या पायरीवर अधिक तीव्र होते आणि यकृताच्या पेशींनाच चिकटते.

विकर वाढले तरी अडचण, कमी झाले तरी अडचण

यकृताची विकरे ठरावीक संख्येने जन्मभर राहत नाहीत. एखादा पदार्थ रोज येऊ लागला की यकृत त्याच्यासाठी जास्त विकरे तयार करते. सुगी आली की जास्त मजूर लावावेत, तसे. वरवर पाहता हे चांगले वाटते. पण हीच विकरे आपली औषधेही मोडतात.

क्षयरोगावरील रिफाम्पिसिन हे औषध याचे जाणते उदाहरण आहे. ते सुरू झाले की पी-450 विकरे वाढतात आणि मधुमेहाच्या काही गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधे भराभर मोडली जातात. गोळी रोजचीच, पण तिचा असर कमी. म्हणून क्षयाच्या रोग्याची साखर पुन्हा पाहावी लागते. याच्या उलट, पपनसाच्या जातीचे ग्रेपफ्रूट हे फळ आतड्यातील एक विकर बंद पाडते. 1989 साली कॅनडातील संशोधकांना आढळले की त्या फळाच्या रसाबरोबर रक्तदाबाची एक गोळी घेतली तर औषध रक्तात नेहमीपेक्षा खूपच जास्त चढते.

म्हणजे गोड गोळीने यकृताचे किंवा आतड्याचे विकर वाढवले किंवा घटवले, तर गोळी स्वतः विषारी नसली तरी काळजीचे कारण होऊ शकते. शास्त्रज्ञ उंदरांवर प्रयोग करतात ते हेच पाहण्यासाठी.

प्रत्येक जनावराचे यकृत निराळे

उंदरांची बातमी वाचण्याआधी शेतकऱ्याला सहज पटेल अशी एक गोष्ट सांगितली पाहिजे. सगळ्या जनावरांची विकरे सारखी नसतात.

मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळीही प्राणघातक ठरू शकते, कारण दुसऱ्या पायरीवर ग्लुकुरॉनिक आम्लाची जोड लावणारे विकर मांजरात फार दुबळे असते. तीच गोळी आपण तापात निर्धास्त घेतो. मोठ्या उंदराला, म्हणजे प्रयोगशाळेतील रॅटला, अफलाटॉक्सिनने यकृताचा कर्करोग होतो. लहान उंदराला, म्हणजे माऊसला, तो सहसा होत नाही, कारण ग्लुटाथायोन जोडणारे त्याचे विकर फार चपळ असते. दोघे उंदीरच, पण यकृताचे काम वेगळे. गाईला डायक्लोफेनॅक टोचले तर तिचा ताप आणि सूज उतरते, पण त्या गाईचे मढे खाल्लेले गिधाड मूत्रपिंडे निकामी होऊन मरते. आपल्या देशातील गिधाडे अशीच नाहीशी होत गेली, म्हणून 2006 साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी घालण्यात आली.

तेव्हा एखादा पदार्थ उंदराला बाधला म्हणजे माणसाला बाधतोच असे नाही आणि माणसाला पचला म्हणजे कुत्र्याला पचतोच असेही नाही.

एकेका गोड पदार्थाची हकीकत

सॅकरीन हा यातला सर्वांत जुना. 1879 साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे फालबर्ग नावाच्या रसायनशास्त्रज्ञाच्या हाताला तो लागला. आपल्याकडे सुपारीत, पान मसाल्यात तो बरेच दिवस वापरात आहे. सॅकरीन यकृतात मोडत नाही. ते जसेच्या तसे लघवीवाटे जाते. 1977 साली सॅकरीनने नर उंदरांच्या मूत्राशयात गाठी होतात असे दिसून आले आणि कॅनडाने त्यावर बंदी घातली. अमेरिकेत पाकिटांवर इशारा छापावा लागला. पुढे कारण उलगडले. त्या उंदरांच्या खाण्यात शंभरात पाच भाग किंवा त्याहून अधिक सॅकरीन होते. नर उंदराच्या लघवीची घडण अशी असते की एवढ्या सॅकरीनने तिच्यात बारीक खडे जमतात आणि ते मूत्राशय खरवडतात. माणसात तसे घडत नाही. म्हणून 2000 साली अमेरिकेने तो इशारा काढून टाकला.

सायक्लामेटची गोष्ट दुसरी आहे. हा पदार्थही यकृत फारसा मोडत नाही, पण आतड्यातील जिवाणू त्याचे सायक्लोहेक्झिलअमाईन नावाच्या वेगळ्याच रसायनात रूपांतर करतात. हे जिवाणू सगळ्या माणसांत सारखे काम करत नाहीत. उंदरांच्या प्रयोगांवरून अमेरिकेने 1969 साली त्यावर बंदी घातली. युरोपात मात्र मर्यादेत परवानगी राहिली. जनावराच्या शरीरात गोड पदार्थाचे काय होते ते ठरवण्यात यकृताइतकाच आतड्यातील जिवाणूंचा वाटा असतो, हे यावरून शास्त्रज्ञांच्या ध्यानात आले.

अस्पार्टेम 1965 साली अमेरिकेत सापडले. ते आतड्यातच तीन तुकड्यांत फुटते: फिनाइलअलानिन, अस्पार्टिक आम्ल आणि थोडे मेथिल अल्कोहोल. पहिले दोन आपल्या डाळीत, दुधात असतातच. तिसऱ्याचा निचरा यकृत करते, आणि त्याचे प्रमाण टोमॅटोच्या रसात असते त्याहून कमी असते. फिनाइलकीटोनुरिया नावाचा जन्मजात आजार असलेल्या मुलांना मात्र अस्पार्टेम वर्ज्य आहे. फिनाइलअलानिन मोडणारे विकरच त्यांच्या यकृतात नसते किंवा अगदी कमी असते. इटलीतील रामाझिनी संस्थेने 2010 साली जास्त मात्रेत अस्पार्टेम दिलेल्या नर उंदरांत यकृताच्या व फुप्फुसाच्या गाठी आढळल्याचे प्रसिद्ध केले, पण इतर तज्ज्ञांनी त्या प्रयोगांच्या पद्धतीवर आक्षेप घेतले. जुलै 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने अस्पार्टेम ‘कदाचित कर्करोगकारक’ या वर्गात घातले. त्याच वेळी दुसऱ्या तज्ज्ञ समितीने रोजची कमाल मर्यादा बदलली नाही. ती वजनाच्या दर किलोला 40 मिलिग्रॅम आहे. 60 किलोच्या माणसाला हे 2400 मिलिग्रॅम होतात. एका गोळीत किती असते ते डबीवर छापलेले असते. हिशेब केला म्हणजे चहाच्या दोन-चार गोळ्या या मर्यादेपासून किती लांब आहेत ते दिसेल.

सुक्रालोज आणि उंदरांचा प्रयोग

यकृताच्या विकरांविषयी सर्वांत जास्त वाद झाला तो सुक्रालोजवरून. याच्या शोधात आपल्या ओळखीचे एक आडनाव आहे. 1976 साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ महाविद्यालयात प्राध्यापक लेस्ली हफ यांच्याबरोबर शशिकांत फडणीस काम करत होते. साखरेला क्लोरीन जोडून केलेल्या एका पदार्थाची ‘टेस्ट’ म्हणजे तपासणी करा, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी ते ‘टेस्ट’ म्हणजे चव घ्या, असे ऐकले आणि जिभेवर ठेवले, अशी हकीकत सांगितली जाते. तो पदार्थ साखरेच्या सुमारे 600 पट गोड निघाला. खाल्लेल्या सुक्रालोजपैकी बहुतेक भाग शौचावाटे तसाच निघून जातो. थोडा भाग रक्तात जातो आणि त्यातलाही बहुतेक न बदलता लघवीतून बाहेर पडतो.

2008 साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी सुक्रालोजची तयार पूड नर उंदरांना 12 आठवडे रोज पाजली. त्या पुडीत वजनाच्या दर किलोला 1.1 ते 11 मिलिग्रॅम सुक्रालोज जाईल अशा चार मात्रा ठेवल्या होत्या. 60 किलोच्या माणसाच्या वजनाने हिशेब केला तर हे 66 ते 660 मिलिग्रॅम होतात. अमेरिकेची मर्यादा दर किलोला 5 मिलिग्रॅम, म्हणजे अशा माणसाला 300 मिलिग्रॅम आहे. जागतिक मर्यादा दर किलोला 15 मिलिग्रॅम, म्हणजे 900 मिलिग्रॅम आहे. तेव्हा या मात्रा अवाच्या सवा नव्हत्या.

त्या उंदरांच्या आतड्यातील चांगले जिवाणू घटले. आणि आतड्याच्या भिंतीतील पी-ग्लायकोप्रोटीन हा पंप व पी-450 घराण्यातील दोन विकरे वाढली. ही विकरे वाढली तर तोंडाने घेतलेली औषधे रक्तात पोहोचण्याआधीच परत ढकलली जातील किंवा मोडली जातील, असा इशारा संशोधकांनी दिला.

या प्रयोगावर लगेच टीका झाली आणि ती शेतकऱ्याने समजून घेण्यासारखी आहे. त्या पुडीत बहुतेक भाग माल्टोडेक्स्ट्रिन नावाचे पिठूळ होते आणि सुक्रालोज शंभरात जेमतेम एक भाग. तुलनेसाठी ठेवलेल्या उंदरांना नुसते पाणी दिले होते. एका वाफ्यात शेणखतात मिसळून युरिया घातला आणि शेजारचा वाफा कोरडा ठेवला, तर पीक वाढले ते शेणखताने की युरियाने, हे कसे सांगणार? नुसते शेणखत घातलेला तिसरा वाफा हवा. तो या प्रयोगात नव्हता. शिवाय प्रयोगाचा खर्च साखर उद्योगाच्या संघटनेने दिला होता, आणि 2009 साली त्यावर टीका करणाऱ्या तज्ज्ञ मंडळाचा खर्च ती पूड विकणाऱ्या कंपनीने दिला होता. दोन्ही बाजूंना आपापला माल विकायचा होता. म्हणून दोघांचेही म्हणणे खोटे ठरत नाही, पण दोन्ही चाळून घ्यावे लागते.

पुढे 2017 साली जॉर्जिया विद्यापीठातील संशोधकांनी लहान उंदरांना सहा महिने पाण्यातून सुक्रालोज दिले. मात्रा माणसाच्या मर्यादेशी जुळेल अशी होती. आतड्यातील जिवाणूंची घडण बदलली आणि यकृतात दाह वाढल्याच्या खुणा दिसल्या. 2022 साली अमेरिकेच्या विस्कॉन्सिन वैद्यकीय महाविद्यालयातून काचेच्या ताटलीत वाढवलेल्या यकृत पेशींवरील काम पुढे आले. त्यात सुक्रालोज आणि असेसल्फेम यांनी पी-ग्लायकोप्रोटीन पंपाचे काम मंदावल्याचे आढळले.

वाचकांच्या ध्यानात आलेच असेल की उंदराच्या आतड्यात पंप वाढला आणि ताटलीतील पेशीत तोच पंप मंदावला. दोन निकाल सरळ जुळत नाहीत. एक आतड्यातला, एक यकृताच्या पेशीतला. एक जिवंत जनावरात, एक काचेत. म्हणून गोड गोळीमुळे माणसांत औषधांचा असर बदलतो असे खात्रीने सिद्ध झालेले नाही. पण जो माणूस रोज पाच-सहा औषधे घेतो आणि दिवसभरात आठ-दहा वेळा गोड गोळी वापरतो, त्याने डॉक्टरांना हे सांगून ठेवावे, एवढी सावधगिरी या प्रयोगांवरून नक्की घेता येते.

कुत्र्याला मात्र खरा धोका

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. झायलिटॉल नावाची एक साखर झाडाच्या सालीपासून, मक्याच्या बुरकुंडापासून करतात. ती बिनसाखरेच्या च्युइंग गममध्ये, काही टूथपेस्टमध्ये, गोड गोळ्यांत, काही शेंगदाण्याच्या लोण्यात आणि मधुमेहींच्या केकमध्ये असते. माणसाला ती सोसते. उलट दातांना बरी म्हणतात. कुत्र्याला ती विष आहे.

कुत्र्याच्या पोटात झायलिटॉल गेले की स्वादुपिंडाला वाटते साखर आली, आणि ते भराभर इन्शुलिन सोडते. रक्तातील साखर एकदम खाली जाते. वजनाच्या दर किलोला सुमारे 100 मिलिग्रॅम पोटात गेले तरी हे होऊ शकते. 15 किलोच्या गावठी कुत्र्याला म्हणजे दीड ग्रॅम पुरे. दर किलोला 500 मिलिग्रॅमच्या वर गेले तर यकृताच्या पेशी मरू लागतात आणि रक्त गोठेनासे होते. 2006 साली अमेरिकेतील पशुवैद्यांनी यकृत निकामी झालेल्या आठ कुत्र्यांची नोंद प्रसिद्ध केली तेव्हा हा प्रकार सर्वत्र माहीत झाला.

लक्षणे अशी: अर्ध्या ते एक तासात ओकारी, मग अशक्तपणा, झोकांड्या, झटके. काही वेळा सुरुवातीला काहीच दिसत नाही आणि एक-दोन दिवसांनी कावीळ, काळे शौच, नाकातोंडातून रक्त. म्हणून कुत्र्याने असे काही खाल्ल्याचे कळताच लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावे आणि पाकीटही सोबत न्यावे. सॅकरीन, अस्पार्टेम, सुक्रालोज यांनी कुत्र्यात असे होत नाही. पण पाकिटावरील बारीक अक्षरे वाचण्याइतका वेळ कुणाला असतो? तेव्हा बिनसाखरेचे म्हणून जे काही घरात येते ते कुत्र्याला देऊच नये. नाताळात पाहुण्यांकडून केक, चॉकलेट येतात तेव्हा मुलांना हे मुद्दाम सांगावे.

म्हशीच्या खाणात सॅकरीन?

युरोपात डुकरांची पिल्ले आईपासून तोडताना त्यांनी कोरडे खाद्य लवकर धरावे म्हणून त्यात सॅकरीन मिसळत आले आहेत. वासरांच्या खाद्यातही ते मर्यादेत वापरले गेले आहे. आपल्याकडे याची गरज आम्हाला दिसत नाही. खाणात मळी घातली की गोडी येते आणि तिच्यातून जनावराला ताकदही मिळते. सॅकरीनमधून ताकद शून्य.

दुसरा धोका मोठा आहे. जनावर खाण टाकते ते पुष्कळदा ते बुरसल्यामुळे. शेंगदाण्याची किंवा सरकीची पेंड पावसाळ्यात ओल धरते, तिच्यावर तीच बुरशी येते जी 1974 साली पंचमहालच्या मक्यावर आली होती. अशा पेंडीला गोडी लावून जनावराला खायला लावले तर अफलाटॉक्सिन त्याच्या यकृतात जाईल. तिथे पहिल्या पायरीवर त्याचा एक भाग एम-1 या रूपात बदलून दुधात उतरेल आणि ते दूध आपली मुले पितील. दूध उकळून हे विष जात नाही. म्हणून जनावराने खाण टाकले तर आधी खाण हुंगून, मोडून पाहावे.

घरी काय करावे

1. मधुमेह असलेल्यांनी डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर गोड गोळी बेताने वापरण्यास भिण्याचे कारण नाही. मे 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजन उतरवण्यासाठी अशा गोळ्यांवर भिस्त ठेवू नये असे सांगितले. तो सल्ला आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नव्हता.

2. मधुमेह नसलेल्यांनी चहातील साखरच हळूहळू कमी करावी. महिन्याभरात जिभेला सवय होते.

3. लहान मुलांना गोड गोळ्या देऊ नयेत. आपल्या देशात डबीवर तसा इशारा छापलेला असतो.

4. क्षय, फेफरे, हृदयविकार किंवा रक्त पातळ करण्याची औषधे चालू असतील तर डॉक्टरांना औषधांच्या यादीबरोबर गोड गोळीचे नावही सांगावे. गोळी अचानक सुरू किंवा बंद करताना साखर तपासून घ्यावी.

5. यकृताला गोड गोळीपेक्षा जास्त झळ दारूने, बुरशीच्या धान्याने आणि फवारणीच्या औषधाने पोहोचते. मका, शेंगदाणा नीट वाळवूनच साठवावा. बुरसलेला दाणा ना माणसाने खावा, ना जनावराला घालावा. फवारणी वाऱ्याच्या दिशेने, तोंडाला फडके बांधून, अंगभर कपडे घालून करावी आणि जेवणाआधी साबणाने हात धुवावेत.

6. कुत्र्या-मांजरांना माणसांची औषधे आणि बिनसाखरेचे खाऊ देऊ नयेत.

घरातली गोड गोळ्यांची डबी आजच एकदा उजेडात धरून वाचावी. तिच्यात कोणता पदार्थ आहे आणि एका गोळीत किती मिलिग्रॅम आहे, एवढे दोन आकडे औषधांच्या चिठ्ठीच्या मागे लिहून ठेवावेत. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना ती चिठ्ठी बरोबर असू द्यावी. वाचकांच्या आणखी काही शंका असतील तर त्या आमच्याकडे लिहून पाठवाव्यात. आम्ही त्यांचा विचार या पानावर करू.